स्टेशनपासून दहा किलोमीटर

संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेली डहाणू लोकल पालघरला थांबली, की जिन्याच्या तोंडाशी माणसांचे दोन प्रवाह होतात. एक प्रवाह सावकाश चालतो. त्याला घाई नसते, कारण त्याचे घर जवळच्या इमारतीत आहे. त्या इमारतीच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असे छापलेले होते आणि ते बहुतेक खरेही निघाले. दुसरा प्रवाह धावतो. त्याला सातपाटीची, माहीमची, मुरब्याची एस.टी. किंवा शेअर रिक्षा गाठायची असते. ती चुकली तर पुढची केव्हा भरेल याचा नेम नाही. मी १९८७ साली किनाऱ्यावरच्या एका शाळेत नोकरीला लागलो आणि दुसऱ्या प्रवाहात सामील झालो. तेव्हा विरार–डहाणू शटल होती, वलसाड पॅसेंजर होती, फ्लाइंग राणी होती. गाड्या बदलल्या, पण धावणारी माणसे अजून धावतच आहेत.

पालघर स्टेशनपासून सातपाटी सुमारे दहा किलोमीटर. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढेही नाही. परंतु एका गावाचे नशीब या अंतराने ठरवले आहे. स्टेशनाभोवती काय बांधावे, किती उंच बांधावे, बाजार कुठे असावा, कचेरी कुठे असावी, घर कोणाला मिळावे, या प्रश्नांना आज नगररचनेचे मोठे शास्त्र चिकटले आहे. या शास्त्राच्या भाषेत सातपाटी कुठे बसते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रेल्वे येण्यापूर्वी या मुलुखाचे तोंड समुद्राकडे होते. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, तारापूर ही नावे घेतली, की किल्ले आणि बंदरे आठवतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी हा किनारा पोर्तुगिजांकडून घेतला. तोवर आणि त्यानंतरही माल आणि माणसे गलबतांतूनच ये-जा करीत. इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्यातील या तालुक्याचे नाव माहीम तालुका होते आणि त्याचे मुख्य ठिकाणही किनाऱ्यावरचे माहीमच होते. पालघर हे तेव्हा आतल्या बाजूचे एक लहान गाव. सातपाटीच्या कोळ्याला कचेरीत जायचे तर त्याला किनाऱ्याने दक्षिणेला जावे लागे. पूर्वेकडे वळण्याचे त्याला फारसे कारण नव्हते.

मग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे आली. १८५५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने आधी गुजरातच्या बाजूने काम सुरू केले आणि १८६४ च्या नोव्हेंबरात सुरतेहून थेट मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत गाडी धावली. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल केनेडी यांचा आग्रह सपाट मार्गाचा होता. घाट चढायचा नाही, समुद्राला जवळजवळ समांतर जायचे. मात्र अगदी किनाऱ्याने जाणेही शक्य नव्हते. उत्तर कोकणचा किनारा म्हणजे खाड्यांनी फाटलेले कापड. खाडी जितकी समुद्राजवळ ओलांडावी तितका पूल लांब आणि पाया नरम. म्हणून रूळ किनारा आणि डोंगर यांच्यामधल्या पट्टीतून गेले. वैतरणेवर मात्र दोन मोठे पूल बांधावेच लागले. त्या दोन पुलांच्या मधल्या बेटावर वाढीव हे गाव आहे. बाहेर पडायला धड रस्ता नसल्यामुळे तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरूनच चालत स्टेशन गाठले. त्या अभियंत्याने अभियंत्याचाच विचार केला, यात त्याचा दोष मानता येत नाही. पण गाडी कोणासाठी थांबणार आणि तिथवर माणूस कसा पोहोचणार, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या टेबलावर नव्हता, एवढे मात्र वाढीवच्या पुलावर उभे राहिले की कळते.

रुळांनी हळूहळू मुलुखाचे तोंड फिरवले. कचेरी माहीमहून उठून पालघरला आली आणि तालुक्याचे नावही पालघर झाले. स्टेशन, कचेरी, पोलीस, वखारी, वकील, धर्मशाळा अशा क्रमाने एक गाव वाढले. त्याचा आराखडा कुणी कागदावर काढला नव्हता. जमीन ज्याच्या हाती होती त्याने ती विकली, ज्याच्या हाती पैसा होता त्याने दुकान टाकले. सत्ता आता स्टेशनपाशी राहायला आली होती.

याचा पुरावा पालघरच्या हुतात्मा चौकात उभा आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या हाकेला ओ देऊन गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर चालून आले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांतले काशिनाथ हरी पागधरे हे सातपाटीचे. इतरांची गावे नांदगाव, मुरबे, सालवड आणि खुद्द पालघर. यांतली बहुतेक गावे समुद्राच्या बाजूची आहेत. ही माणसे किनाऱ्याकडून पालघरकडे का चालत गेली? कारण ज्या सरकारला ती 'जा' म्हणत होती ते सरकार त्यांच्यापासून दूर, स्टेशनाच्या गावात बसले होते. दहा किलोमीटरांचा हा रस्ता तेव्हा माणसांनी पायाखाली घातला. त्या चौकातून मी हजारो वेळा गेलो असेन, पण मोर्च्याची दिशा माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली.

या काळात मुंबईत स्टेशनाभोवतीच्या वस्तीचे एक नवे शास्त्र घडत होते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत रोज एक उपनगरी गाडी सुरू झाली. तिच्या वेळापत्रकात आमच्या सोपाऱ्याचे स्टेशन 'नीला' या नावाने होते, असे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती. गाडी होती, पण उपनगर नव्हते. वस्ती आखण्याची निकड भासली ती १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, शीवकडच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते आणि आखीव भूखंड पाडले. १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा आला. देशातला या प्रकारचा हा पहिला कायदा. त्याची युक्ती साधी होती. वेड्यावाकड्या शेतांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे आणि वाढलेल्या किमतीतला काही वाटा रस्त्यागटारांसाठी घ्यायचा. वांद्रे, सांताक्रुझ, पार्ले ही उपनगरे अशा योजनांतून आकाराला आली.

त्याच सुमारास जपानात ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी नावाच्या गृहस्थाने उलट टोकाने सुरुवात केली होती. १९१० मध्ये त्याने रेल्वे सुरू केली आणि मार्गावरच्या इकेदा या ठिकाणी जमीन घेऊन हप्त्यांवर घरे विकली. पुढे मार्गाच्या एका टोकाला करमणुकीचे ठिकाण आणि दुसऱ्या टोकाला स्टेशनातच मोठे दुकान. गाडीने वस्ती आणली आणि वस्तीने गाडीला उतारू दिले. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रयोग नवी मुंबईत झाला. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, रेल्वेमार्गाला धरून एकेक उपनगर आखले गेले आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला गाडी गेली. रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला. तो जमिनीतून वसूल व्हायचा होता. स्टेशनाच्या माथ्यावर कचेऱ्या, पायथ्याशी बस, जवळ घरे, असे सारे नीटनेटके. मात्र ही आखणी ज्या ९५ गावांच्या जमिनीवर झाली, त्यांतल्या आगरी-कोळ्यांना जमिनीचा मोबदला वाढवून मिळावा म्हणून १९८४ च्या जानेवारीत रस्त्यावर उतरावे लागले आणि तिथेही पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. आखणी कितीही सुबक असो, ती कोणाच्या जमिनीवर आणि कोणासाठी, हा प्रश्न तिच्या आधी उभा असतो.

'कोणासाठी' याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांनी फार लवकर देऊन ठेवले होते. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. सहकाराचे ते धाडसी पाऊल होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण पुढे दादरला पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी अशी नावे पडली आणि स्टेशनाजवळची चांगली वस्ती म्हणजे 'आपल्या' लोकांची वस्ती, असा अर्थ रूढ होत गेला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. कायद्याच्या नकाशात पिवळा पट्टा निवासी, निळा व्यापारी, हिरवा शेतीचा असतो. माणसांचे पट्टे नकाशात नसतात. ते दारावर विचारलेल्या नावात असतात.

हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. नोकरी लागली तेव्हा स्टेशनजवळच्या एका नव्या इमारतीत मी भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. खोली हवेशीर होती, भाडे परवडणारे होते. मालक सज्जन वाटला. त्याने चहा दिला. मग नाव विचारले. मी सांगितले. "मास्तर, माझी काहीच हरकत नाही. कमिटीला विचारून कळवतो," तो म्हणाला. कमिटीचे उत्तर अजून यायचे आहे. पुढे माहीम रस्त्याला एका वाडवळ कुटुंबाच्या वाडीत मला खोली मिळाली. घरच्या आजोबांनी नाव विचारले, गाव विचारले आणि "पाणी विहिरीचं आहे, चालेल का?" एवढेच पुढे विचारले. त्या घरात माझी सात वर्षे गेली. माझी थोरली मुलगी त्या आजींच्या मांडीवर वाढली. म्हणून मी कडवट नाही. पण स्टेशनपासून पाच मिनिटांवरचे घर आणि माझ्यामधले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येणारे नव्हते, हे लिहून ठेवले पाहिजे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई सातपाटीहून मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजारात येत असे. तिच्याकडून दुसरे अंतर कळले. सातपाटीची ओळख पापलेटची. दालदी जाळ्यांनी धरलेले इथले पापलेट मुंबईच्या बाजारात आणि परदेशातही नावाजले गेले. मच्छीमारांनी सहकारी संस्था उभ्या केल्या, शिडाच्या होड्या जाऊन यांत्रिक बोटी आल्या, बर्फाचे कारखाने झाले. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केले. संस्थांची मासळी ट्रकने जाते. पण घरच्या बाईचा धंदा पाटीवर चालतो, आणि पाटीला गाडी लागते. रिक्षावाला म्हणे, "मावशी, बाकीचे पॅसेंजर कुरकुर करतात, मागच्या गाडीनं या." मागच्या गाडीचा रिक्षावालाही तेच म्हणे. लोकलच्या मालडब्यापर्यंत पोहोचण्याआधीच तिचा निम्मा बर्फ पाणी होऊन जाई. मला नावामुळे थांबावे लागले, तिला वासामुळे. स्टेशनाच्या गावात आम्हा दोघांचीही गरज होती. मास्तर हवा होता आणि मासळीही हवी होती.

आता जरा उत्तरेला, बोईसरला जाऊ. पालघरला जे हळूहळू झाले ते तिथे एका पिढीत झाले. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. देशातले ते पहिले. पाठोपाठ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत आली. नाव तारापूरचे, पण उतरायचे बोईसरला, कारण रेल्वे तिथे आहे. अणुकेंद्राने आपल्या नोकरवर्गासाठी आखीव वसाहत बांधली. औद्योगिक वसाहतीने कारखान्यांना भूखंड, रस्ते, पाणी दिले. कामगार कुठे राहील हे मात्र कुणी आखले नाही. तो पास्थळ, सालवड, कुंभवली, सरावली, खैरापाडा अशा गावांतल्या चाळींत राहिला. उत्तर प्रदेश, बिहारपासून विदर्भापर्यंतचे लोक त्या खोल्यांत एकमेकांचे शेजारी झाले. २०११ च्या जनगणनेत बोईसरची लोकसंख्या ३६ हजारांवर होती, तरी कारभार ग्रामपंचायतीच्याच हाती होता. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने गटार किती रुंद होणार आणि रस्ता किती सरळ राहणार? पुढे तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची गावे उठली. वीज दूरवर गेली, गावे जागची हलली, आणि स्टेशनाबाहेरचा रस्ता होता तसाच राहिला.

२००९ मध्ये बोईसरजवळ बेटेगावला टाटा हाउसिंगने 'शुभगृह' ही स्वस्त घरांची योजना जाहीर केली. सर्वांत लहान घराची किंमत चार लाखांच्या आत होती. मुंबईत तेवढ्या पैशांत झोपडीही मिळत नव्हती. अर्जांसाठी झुंबड उडाली. त्या दिवसांत आमच्या लक्षात आले, की मुंबई आता विरारपाशी थांबणार नाही.

विरारपाशी ती इतकी वर्षे का थांबली होती, याचे एक कारण तारांमध्ये होते. चर्चगेट ते विरार उपनगरी गाड्या १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत. विरारचे विद्युतीकरण १९३६ चे. विरारच्या पुढे मात्र २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह होता. उपनगरी गाडीला ती हद्द ओलांडता येत नव्हती. पश्चिम रेल्वेवरचा हा प्रवाहबदल २०१२ मध्ये पूर्ण झाला आणि १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. त्या दिवशी पालघर स्टेशनात हार-तुरे, ढोल, पेढे सारे होते. मीही होतो. अप-डाउन करणाऱ्यांनी यासाठी वर्षानुवर्षे निवेदने दिली होती. पण विरार–डहाणू या ६४ किलोमीटरांत रूळ दोनच होते. त्याच दोन रुळांवर मेल, मालगाड्या आणि लोकल. तिसरा-चौथा मार्ग २०१६ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि काम रेंगाळत राहिले. गाड्या मोजक्या राहिल्या, घरे मात्र भराभर वाढली.

घरे आधी आणि आखणी नंतर झाली की काय होते, हे मी माझ्या गावात पाहिले आहे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. माझ्या लहानपणी स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये भातशेती, केळीच्या बागा आणि मिठागरे होती. अब्बा स्टेशनवरून चालत घरी येत तेव्हा कंदिलाचा उजेड लांबून दिसे. मग गिरगाव-परळच्या चाळींतली कुटुंबे स्वस्त घराच्या शोधात आली. १९८८ साली वसईतली हरित जमीन वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि सहकाऱ्यांनी चळवळ उभी केली. १९९० मध्ये सिडकोला नियोजनाचे अधिकार मिळाले, तोवर स्टेशनाच्या दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लागली होती. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ मध्ये तिची लोकसंख्या सव्वाबारा लाख भरली. स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहणारी माणसे पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठू लागली. मिठागरे आणि भातखाचरे पाणी पोटात घेत असत. त्यांच्यावरच इमारती उभ्या राहिल्या होत्या. नालासोपाऱ्यात घर घेणाऱ्याचा यात काय गुन्हा? त्याला परवडेल असे घर दुसरीकडे कुणी ठेवले नव्हते.

म्हणून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा आशा वाटली, की या वेळी तरी आधी आखणी होईल. तशी ती झालीही. दुग्धविकास विभागाची सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोकडे आली. त्यांतली १०३ हेक्टर जिल्हा मुख्यालयासाठी आणि उरलेली नव्या शहरासाठी. शहराच्या जमिनीतून मुख्यालयाचा खर्च निघायचा. १९ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यालयाचे उद्घाटन झाले. इमारती भव्य आहेत, रस्ते रुंद आहेत, झाडे लावली आहेत. मात्र जागा कोळगावची, पालघर–बोईसर रस्त्यावरची, स्टेशनपासून काही किलोमीटर दूर. मोखाडा-जव्हारहून दाखल्यासाठी आलेला आदिवासी किंवा सातपाटीची विधवा एस.टी. स्टँडवर उतरते आणि पुन्हा रिक्षा शोधते. पूर्वी सत्ता किनारा सोडून स्टेशनपाशी आली होती. आता ती स्टेशनही सोडून मोटारीच्या रस्त्यावर गेली.

विशेष म्हणजे याच काळात दिल्लीने उलट धडा गिरवायला घेतला होता. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात म्हटले आहे, की स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या टापूत, म्हणजे दहा-बारा मिनिटांच्या चालीत, दाट आणि मिश्र वस्ती असावी. घर, दुकान, कचेरी, शाळा जवळजवळ असावीत, मोटारींच्या जागा कमी आणि पायवाटा रुंद असाव्यात, चटईक्षेत्रातला किमान ३० टक्के वाटा परवडणाऱ्या घरांसाठी राहावा. विचार चांगला आहे. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही मेट्रोच्या शहरांसाठी अशा तरतुदी आल्या. पण ज्या तालुक्यात निम्मे उतारू स्टेशनबाहेर पडून दहा-दहा किलोमीटर पुढे जातात, तिथे ८०० मीटरचे वर्तुळ आखून थांबणे म्हणजे उंबरठा झाडून अंगण विसरणे. महसूल कायद्यातल्या दुरुस्तीने बिनशेतीसाठी गावठाणापासून २०० मीटर मोजले. नव्या धोरणाने स्टेशनपासून ८०० मीटर मोजले. दोन्ही वर्तुळांच्या मधला रस्ता कुणी मोजला नाही. सातपाटीची माणसे त्या रस्त्यावर आहेत.

आणि सातपाटीला पसरायला जागा कुठे आहे? पश्चिमेला समुद्र. तो दर पावसाळ्यात बंधाऱ्यावर धडका देतो. बाजूला खाडी. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत आणि ते असायलाच हवेत. पण दाटीवाटीच्या कोळीवाड्यातला तरुण लग्न झाल्यावर घर शोधतो तेव्हा त्याला स्टेशनाकडेच बघावे लागते. तिथले दर बोटीच्या हिश्श्यातून भागत नाहीत, आणि जाळी वाळवायला गच्चीही मिळत नाही. मग तो एकतर गावातच माळा चढवतो किंवा धंदा सोडतो.

येणारी वर्षे याहून मोठी आहेत. २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढून पालघरपर्यंत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच्या भवितव्याबद्दल किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या मनात धास्ती आहे. मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. त्या मार्गावरच्या स्थानकांभोवतीच्या विकासाचा नमुना म्हणून जी चार स्थानके निवडली गेली ती साबरमती, सुरत, विरार आणि ठाणे. बोईसर त्यांत नाही. म्हणजे पुन्हा गाडी आधी येणार आणि आखणीचा विचार मागून.

मी नगररचनाकार नाही, निवृत्त शिक्षक आहे. तरी एवढे सुचते. पालघर-बोईसरच्या स्टेशनांचा आराखडा करायचा तर तो स्टेशनच्या फाटकापासून सुरू न करता सातपाटीच्या जेटीपासून, मुरब्याच्या खाडीपासून, पूर्वेच्या पाड्यांपासून सुरू करावा. प्रत्येक लोकलला जोडून एस.टी. असावी आणि तिच्यात पाटीला हक्काची जागा असावी. स्टेशनालगत मासळीबाजार असावा. त्याला बर्फ, पाणी आणि झाकलेले गटार असावे. नव्या शहराच्या जमिनीत भाड्याची घरे असावीत आणि ती देताना नाव विचारायची गरज फक्त पावतीवर लिहिण्यापुरती असावी. भातखाचरे आणि पाण्याच्या वाटा आधी रेखाटाव्यात, इमारती नंतर. यांतले काहीही परदेशातून आणावे लागणार नाही. १९१५ च्या कायद्यातही रस्ता आणि मोकळी जागा भूखंडाच्या आधी काढायची, असेच होते.

दरवर्षी १४ ऑगस्टला हुतात्मा चौकात लोक जमतात. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवडहून माणसे येतात, फुले वाहतात, मुले गाणी म्हणतात. कार्यक्रम संपला की पुढारी मोटारीत बसतात. गावाकडची माणसे स्टँडकडे वळतात. मागे एकदा माझा जुना विद्यार्थी तिथे भेटला. आता त्याची स्वतःची बोट आहे. "सर, चला, रिक्षा भरतेय," म्हणाला. आम्ही दोघेही धावलो. रिक्षात एक पाटीवाली आधीच बसलेली होती आणि या वेळी कुणी कुरकुर केली नाही.